गाडीतला चार्वाक

"अहो, ते पिवळं काहीतरी पेटलंय." "सेन्सर गेला असेल." मराठी संसारात जे संवाद घरोघरी शब्दशः सारखे असतात, त्यांत याचा नंबर बराच वर लागावा. बायकोचं वाक्य रंगाप्रमाणे थोडं बदलतं, नवऱ्याचं बदलत नाही. हा गृहस्थ निष्काळजी असतो असं कुणी समजू नये. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात बादली, शाम्पू आणि फडकं घेऊन तोच पहिला उतरतो. दसऱ्याला त्याच्या बोनेटवरची झेंडूची माळ सगळ्यांत जाड असते. मागच्या सीटवरचं प्लास्टिक दीड वर्ष झालं तरी निघालेलं नसतं, टाकी फुल करून काढलेलं मायलेज डायरीत तारीखवार असतं, आणि कुणी दार जरा जोरात लावलं तर त्याच्या चेहऱ्यावर स्वतःच्या बोटाला लागल्यासारखी कळ उमटते. असा हा माणूस डॅशबोर्डवर एक दिवा लागलेला ठेवून निवांत कोल्हापूर गाठतो. याचं कारण लोक आळस सांगतात, नाहीतर चिक्कूपणा. मला दोन्ही पटत नाहीत. जो माणूस रविवारची झोप मोडून चाकांच्या जाळ्या जुन्या टूथब्रशने घासतो तो आळशी नाही, आणि जो सीट कव्हरवर आठ हजार घालतो तो चिक्कूही नाही. त्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. हा माणूस चार्वाक आहे.

आपल्याकडच्या जुन्या दर्शनांत चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानलं. डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं, नाकाला वास आला, तर खरं. धूर दिसला म्हणून डोंगरापलीकडे अग्नी असेल हे अनुमान त्यांना मंजूर नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून मानायचं हे तर मुळीच नाही. आमच्या गृहस्थाचं नेमकं हेच मत आहे. गाडीने खडखडाट करावा, धूर सोडावा, जळका वास द्यावा, मग तो लगेच बाजूला घेईल, बोनेट उघडेल, बाह्या सरसावेल. पण काचेमागचा नखाएवढा दिवा ही त्याच्या लेखी ऐकीव बातमी आहे. कर्ज काढून तूप पिण्याचा चार्वाकांना चिकटलेला सल्लाही त्याने सात वर्षांच्या हप्त्यांवर गाडी घेऊन पाळलेला असतोच. आणखी एक साम्य आहे: चार्वाकांचं म्हणणं आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं, याचं त्याच्या बायकोकडून.

आता या दर्शनाची परीक्षा गाडीवरच घेऊ. सगळ्यांत सोपा पुरावा म्हणजे तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा. तो लागला की आमचा चार्वाक शास्त्रशुद्धपणे गाडी थांबवतो, डिपस्टिक काढतो, फडक्याला पुसतो, पुन्हा घालतो, आणि खुणेपर्यंत तेल आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून विजयी मुद्रेने म्हणतो, "बघ, तेल आहे. सेन्सरच." चूक इथेच आहे. तो दिवा बहुतेक गाड्यांत तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब किती आहे ते सांगतो. तेल खाली चेंबरमध्ये भरपूर असेल, पण पंप थकला, गाळणी चिखलासारख्या काजळीने बुजली, किंवा आदल्या गावच्या गतिरोधकाला चेंबर घासून आत चेपलं, तर ते वर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही. तिथे धातू आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो. तो गेला की काही मिनिटांत बेअरिंग खरवडली जातात, आणि मग येतो तो खडखडाट, म्हणजेच चार्वाकाला मान्य असलेलं प्रमाण. पण तो ऐकू येतो तेव्हा इंजिन खोलण्याशिवाय इलाज उरलेला नसतो. दिवा खडखडाटाच्या आधी लागतो, एवढंच त्याचं काम आहे. आणि आधी लागतो म्हणूनच आमच्या माणसाचा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

तापमानाच्या लाल दिव्याची गोष्ट याहून गमतीची आहे. मे महिन्यातल्या जोडसुट्टीत बोरघाटाच्या किंवा खंबाटकीच्या चढावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग पाहावी, प्रत्येकीशेजारी एक चार्वाक पाण्याची बाटली घेऊन उभा असतो. त्याला वाफ दिसली, तेव्हा पटलं. आता तो रेडिएटरचं झाकण उघडायला निघतो. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवताच ते एकदम उकळून अंगावर येतं. हात भाजणं हे मात्र निर्विवाद प्रत्यक्ष प्रमाण. ज्यांच्या गाडीत तापमानाची सुई असते त्यांची फसगत वेगळीच. पाइप फुटून सगळं कूलंट गळून गेलं की तापमापी पाण्याऐवजी हवेत लटकते, आणि सुई कधीकधी चक्क खाली येते. चार्वाक म्हणतो, "बघ, घाट संपला, थंड झाली." डोळ्यांनी पाहिलेलं खरंच असतं या सिद्धांताला इतका सुंदर छेद बाकी कुठल्या यंत्राने दिला असेल असं वाटत नाही.

यावर तो जे म्हणतो तेही ऐकलं पाहिजे. त्याचा पहिला मुद्दा असा की पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते हे चोचले? माणसं फियाटमधून कन्याकुमारीला जाऊन आली. मुद्द्यात तथ्य थोडं आणि हळहळ जास्त आहे. एक तर ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा कुर्ल्यात तयार होणाऱ्या त्या फियाटला, म्हणजे पद्मिनीलाही होता. दुसरं म्हणजे ती गाडी खरोखरच पंचेंद्रियांना कळण्यासारखी होती. कार्बोरेटर ओव्हर झाला की पेट्रोलचा वास यायचा, पॉइंट बिघडले की ती खोकायची, आणि वाटेतला कुठलाही मेस्त्री कान लावून निदान करायचा. त्या गाडीच्या मालकाने डोळे-कान-नाकावर भिस्त ठेवली ती बरोबरच होती. पण मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनीही ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत भरून निवृत्त झाली. आता इंजिन सेकंदाला कितीतरी वेळा स्वतःचं मोजमाप घेतं आणि चूक झाली तर शक्य तोवर ती झाकून घेतं. जी गाडी कण्हत नाही तिचं दुखणं कण्हण्यावरून कसं ओळखणार?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: सेन्सर खरंच जातात. जातात, हे मान्यच करायला हवं. पावसाळ्यात बोनेटमध्ये वस्तीला आलेले उंदीर वायरी कुरतडतात, भेसळीच्या पेट्रोलने सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर मरतो, आणि इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. पण "सेन्सर गेला असेल" हे वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहा. असेल! हे प्रत्यक्ष नाही, हे अनुमान आहे, आणि तेही हेतूशिवायचं, म्हणजे धुरासारखी काही खूण न दिसता केलेलं. अनुमान खोटं असतं हे सिद्ध करायलाही अनुमानच लागतं, हा चार्वाकांवरचा जुनाच आक्षेप आहे. तो आमच्या गृहस्थाला असा बोनेट बंद असतानाच लागू होतो. सेन्सर गेला की नाही हे पाहायचं तर गाडीच्या स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनर लावावा लागतो. स्वस्तातला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि मोबाइलवर आकडा दाखवतो. पी ०४२० आला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम उतरलंय, पी ०३०० आला तर सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन चुकतंय. हे आकडे कंपनीगणिक बदलत नाहीत. म्हणून त्याचा तिसरा मुद्दा, की सर्व्हिस सेंटरवाले लुटतात, हाही दिव्याच्या विरोधात जात नाही. बिल फुगवणारा माणूस असतो, दिवा नव्हे. दिवा 'अमुक बदला' म्हणत नाही, 'बघा' एवढंच म्हणतो, आणि आधी स्वतः पाहून गेलेल्या गिऱ्हाइकाला लुटणं जरा अवघडच जातं.

दिवे पाहिले की घाबरून रस्त्यात बसावं असं कुणी म्हणत नाही. लाल असेल तर सुरक्षित जागा बघून थांबायचं, पिवळा असेल तर जपून पुढे जायचं आणि एकदोन दिवसांत दाखवायचं, हिरवा-निळा नुसता माहितीचा. इतकी साधी बाराखडी आहे. तिला एकच जोडाक्षर आहे: इंजिनचा पिवळा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. त्या कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मुलामा असतो. घरातल्या सोन्याला लॉकर भाड्याने घेणारा माणूस हे धन सायलेन्सरमध्ये वितळू देतो, कारण ते त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

या दर्शनाचा उत्तरार्ध दोराला बांधलेला असतो. गाडी शेवटी बंद पडते आणि टोचन लावायची वेळ येते. चार्वाकाचं पुन्हा साधं म्हणणं: चाकं फिरतायत ना, मग ओढा. शेजारच्या ट्रॅक्टरचा दोर येतो, तो बंपरलाच बांधला जातो; वास्तविक बंपरवरच्या छोट्या चौकोनी झाकणामागे आटे असतात आणि त्यात पिळून बसवायचा हूक डिकीत स्टेपनीजवळ कोऱ्या पिशवीत पडलेला असतो. गाडी सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक असेल तर तिच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चालकचाकं जमिनीवर घासत नेली की गिअरबॉक्स आतून कोरडा फिरतो, आणि गॅरेजच्या दारात दोन बिलं उभी राहतात. अशा गाडीला सपाट पाटाची क्रेनच हवी. साध्या गिअरच्या गाडीतही इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद; दोनचार वेळा पेडल दाबलं की ते दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड होतं. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंग लॉकच होतं. नियमाने दोन गाड्यांत ५ मीटरहून जास्त अंतर नको आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस हवा. चार्वाक तिथे भाच्याला बसवतो, आणि स्वतः ट्रॅक्टरवर उभा राहून सूचना देतो.

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र त्याचे डोळे अतिशय तीक्ष्ण असतात, फक्त चुकीच्या जागी. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थेंब पडताना दिसले की तो त्याच दिवशी गॅरेज गाठतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. ते एरवी वाफेच्या रूपात निघून जातं, सायलेन्सर थंड असेल तर थेंब होऊन. घरापासून भाजी मंडईपर्यंतच रोज गाडी काढली तर सायलेन्सर कधी पुरता तापत नाही, पाणी आत साठतं आणि गंज आतून लागतो. बाहेरचं पॉलिश चकाकत राहतं. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणीही असते. तिचा दिवा लागला की हमरस्त्यावर पंधरावीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवायची, म्हणजे काजळी जळून जाते. हा पार्किंगमध्ये उभी ठेवून रेस करतो. धुराचे रंगही तो स्वतःच्या पद्धतीने वाचतो. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय. त्याच्या मते तिन्ही 'कार्बन निघतोय, चांगलंच आहे'. काचेवर पीयूसी चिकटवलेली असतेच. तेवढा एकच शब्द तो प्रमाण मानतो, कारण तो पोलीस विचारतात.

इथे त्याच्या दर्शनाची सीमा आहे आणि तिथे हसू थांबतं. सायलेन्सरला किंवा त्याच्या जोडाला भोक पडलं तर आधी आवाज वाढतो. त्याला तो रुबाबदार वाटतो, तरुण असेल तर मुद्दाम तसा करून घेतो. पण त्या भोकातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आवाज नसतो. काचा बंद, एसी सुरू, उभ्या गाडीत डुलकी, आणि खाली गळका सायलेन्सर, एवढं पुरतं. पाचांपैकी एकाही इंद्रियाला तो कळत नाही, आणि बहुतेक गाड्यांत त्याच्यासाठी दिवाही नाही. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी वर उचलतात तेव्हा खाली वाकून जोड आणि हँगर रबर बघायला सांगावं लागतं, आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नसतं.

वाचकहो, उद्या गाडी काढताना किल्ली इंजिन सुरू करण्याच्या आधीच्या खुणेवर क्षणभर थांबवा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबा. बहुतेक दिवे एकदम लागतील, इंजिन सुरू झाल्यावर विझतील. जो विझत नाही तो दाखवून घ्या. आणि इंजिनचा दिवा मुळात लागलाच नाही, तर गाडी सेकंडहँड घेताना आधीच्या मालकाने काय काढून ठेवलं होतं ते विचारा.