सादळलेली टिकली

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मला स्टार्टर केलं, कारण त्या दिवशी मीच रिकामा दिसलो. एरवी मी मराठी शिकवतो. पी.टी.च्या सरांनी माझ्या हातात दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल ठेवलं. "सोपं आहे. 'ऑन युवर मार्क्स', की ठो! मध्ये 'सेट' म्हणायचं नाही, ते चारशे मीटरपर्यंतच."

शर्यत तीन हजार मीटरची, ट्रॅक दोनशेचा. म्हणजे पंधरा फेऱ्या. तरी चोवीसच्या चोवीस पोरांना ती पहिल्या तीस मीटरमध्येच जिंकायची होती, कारण पहिल्या वळणावर मुली बसल्या होत्या.

नियम असा, की बारापेक्षा जास्त धावणारे असतील तर दोन गट करता येतात. साधारण दोन तृतीयांश नेहमीच्या वक्र रेषेवर, उरलेले बाहेरच्या अर्ध्या भागात आखलेल्या वेगळ्या वक्र रेषेवर. शिपाईमामांनी दोरी धरून फक्कीची पहिली कमान सुरेख काढली. दुसरीला फक्की उरली नाही. "राहू द्या सर, मावतील एवढी." मावली. वडापात मावतात तशी.

मी नाड्या तपासल्या, कोपरं आत घ्यायला लावली. दुसऱ्या रांगेतला एक जण टीव्हीत बघून हात टेकून बसला होता. "लांबच्या शर्यतीत उभ्यानंच सुटायचं," म्हणालो. तो उठला. मी पाठ फिरवली, तो परत बसला.

"ऑन युवर मार्क्स!"

ऑगस्टचा महिना. टिकली सादळलेली. पिस्तूल नुसतं 'टक' म्हणालं.

पुढच्यांना वाटलं, रद्द. मागच्यांना वाटलं, सुटली. व्याकरणात याला संदिग्ध वाक्य म्हणतात, मैदानावर ढीग. बसलेला पोरगा सगळ्यात तळाशी. परत बोलवायला शिट्टी हवी, आणि ती पी.टी.च्या सरांच्या गळ्यात, पार लांब उडीच्या खड्ड्यापाशी. माझ्या "थांबा रे!"ला पोरं वर्गातही जुमानत नाहीत. ढीग उकलला आणि पळत सुटला.

हिशेब झाला तो दोन गुडघे आणि एक कोपर. एक पालक माझ्यावर धावून आले. मी सांगून पाहिलं, की 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फिनलंडचा लासे व्हिरेन दहा हजार मीटरमध्ये असाच पडला, उठला आणि विश्वविक्रम करून जिंकला. "त्याला पाडलं कोणी?" त्यांनी विचारलं. "मराठीच्या सरांनी?"

तळातला पोरगा एका पायात बूट घालून पळत होता. दुसरा रेषेवर पडलेला. दर फेरीला माझ्यासमोरून जाताना ओरडायचा, "सर, बूट बघा!" मी बूट उचलून छातीशी धरला. आठव्या फेरीला कुणीतरी माझी बाही ओढली. लांब उडीचा बिल्ला लावलेलं, अनवाणी पोरगं.

"सर, माझं नाव पुकारलंय. तो बूट द्या. आणि दुसरा त्याच्या पायात आहे, तेवढं त्याला थांबवा ना."