ताशी 360 ची छोटी गाडी

क्रोनोग्राफ घड्याळाच्या कडेला 500 पासून 60 पर्यंत उतरत गेलेले आकडे असतात. त्यांना टॅकीमीटर म्हणतात, आणि ते मनगटावर वागवणाऱ्या बहुतेकांना ती नक्षीच वाटते. 1957 साली ओमेगाने स्पीडमास्टर काढलं तेव्हा ही पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर बसवली, मोटारींच्या शर्यतीत चटकन दिसावी म्हणून. माझं म्हणणं असं, की ती चुकीच्या माणसांसाठी बसवली. ज्याच्या पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर आहे त्याच्या डोळ्यांसमोर वेगाचा काटाही असतो. वेगाची खरी काळजी असते ती नुसत्या बसलेल्या माणसाला, आणि अशा माणसाने वर्धा जिल्ह्यातून जावं.

नागपूरकडून रेल्वेने येताना सिंदी सुटलं की खिडकीबाहेर कपाशी, तूर आणि विजेच्या तारांचे खांब. खांबावर दोन आकडे असतात: वरचा किलोमीटरचा, खालचा खांबाचा. वरचा बदलला की बटण दाबायचं, पुन्हा बदलला की परत दाबायचं. काटा 40 सेकंदांवर थांबला तर त्याच्यासमोर कड्यावर 90 असतं. 3600 भागिले 40, एवढंच त्यामागचं शास्त्र. कुणी म्हणेल, फोन हेच फुकट सांगतो. सांगतो, आणि अचूक सांगतो. पण तो त्या क्षणाचा वेग सांगतो. घड्याळ अख्ख्या किलोमीटरचा हिशेब देतं, मध्ये गाडीने खाल्लेल्या गचक्यासकट. सेवाग्रामला कधी पोचणार हे त्या हिशेबावर ठरतं. समृद्धी महामार्गावर तर भागाकारही नको. मोटारींना मर्यादा ताशी 120 ची, म्हणजे किलोमीटरला 30 सेकंद. काटा सहाच्या आकड्याला पोचण्याआधी थांबला की मर्यादा मोडली. मागच्या सीटवरच्या सासऱ्यांनी ही बातमी दर किलोमीटरला जाहीर करू नये, एवढं पथ्य पाळावं.

खरा आक्षेप पुढेच आहे: पट्टी 60 ला संपते, आणि आपल्याकडचा बराचसा प्रवास तिथे सुरूच होत नाही. पुलगाव–आर्वी ही 35 किलोमीटरची नॅरोगेज घ्या. ती बंद पडलेली असल्यामुळे प्रयोग कागदावरच करावा लागतो. समजा गाडी ताशी 19 च्या चालीने निघाली आहे. किलोमीटरला साधारण 190 सेकंद लागतील. काटा तीन फेऱ्या पुऱ्या करून चौथीत दहाव्या सेकंदावर थांबेल, आणि कड्याच्या हिशेबाने तिथे वेग निघतो 360. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ठरलेला वेग 320 आहे. म्हणजे आर्वीकरांनी जपानलाही मागे टाकलं. यात घड्याळाला खोटारडं म्हणण्यात अर्थ नाही. मिनिटांची छोटी तबकडी शेजारीच तीनचा आकडा दाखवत असते. मोठ्या आकड्याच्या आनंदात तिच्याकडे कुणी बघत नाही. उपाय सोपा आहे. पाव किलोमीटरच मोजावा. साधारण 47 सेकंद लागतील, पट्टी 76 च्या आसपास दाखवेल, त्याला चारने भागलं की 19 हजर.

याचा अर्थ या पट्टीला किलोमीटर वगैरे काही कळत नाही. एका कामाला किती सेकंद लागले एवढं तिला कळतं, आणि तासाला अशी किती कामं होतील ते ती सांगते. म्हणून ती सेवाग्रामच्या आश्रमात चरख्यापाशी न्यायला हरकत नाही. सुताच्या हिशेबात चार फुटांची एक तार आणि 640 तारांची एक गुंडी. एका तारेला 12 सेकंद लागले तर काटा 300 दाखवेल, म्हणजे गुंडीला दोन तास आणि वर आठ मिनिटं. धागा तुटतो, पेळू संपतो, त्याचं काय? मग एकाच तारेवर न थांबता दहा तारांना लागलेला वेळ घ्यावा, दहाने भागावं, आणि तुटलेला धागा सांधण्याची सेकंदं त्यातच धरावीत. अडचण वेगळीच आहे. कातणाऱ्याचा एक हात चाकावर असतो, दुसरा पेळूवर. बटण दाबायला तिसरा नाही. म्हणजे इथेही रिकामा बसलेला माणूसच लागणार, आणि तो सूतकताईच्या वेळी नुसतं घड्याळ बघत बसलेला दिसला की त्याच्या हातात टकळी येण्याची दाट शक्यता असते.