रकान्याला वाली कोण?

बाजारभावाचा तक्ता आपण वरून खाली वाचतो. कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. 1850 च्या खाली 950 आला की एककाखाली एकक, दशकाखाली दशक हवं. नाहीतर घाईत 950 च मोठा वाटतो. म्हणजे आकडे रकान्याच्या उजव्या कडेला हवेत. गरज इतकी साधी, पण वेबपानावर अख्खा रकाना एका आज्ञेत उजवीकडे न्यायची सोय आजही धड नाही.

तसं रकान्यासाठी 'कोल' आणि 'कोलग्रुप' हे टॅग आहेत. 1997 च्या एचटीएमएल 4 मध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेच्या त्या आवृत्तीत, तर दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह आणायचीही तरतूद होती. ब्राउझरवाल्यांनी ती जवळपास वाऱ्यावर सोडली. 1998 ला पानाची शैली ठरवणारं सीएसएस 2 आलं आणि रकान्याच्या पदरात चारच गोष्टी पडल्या: किनार, पार्श्वभूमी, रुंदी आणि दिसणं-लपणं. किनारसुद्धा तक्त्यातल्या शेजारच्या चौकटींच्या कडा एकमेकींत मिसळल्या तरच. अक्षरांचा रंग, ठळकपणा, डावं-उजवं यांतलं काहीच नाही.

कारण वारशाचं आहे. चौकट आडव्या ओळीची लेक. तिला शैली मिळते ती ओळीकडून. रकाना तिचा कुणीच लागत नाही. नियम तर्काला धरून आहे, पण तो करताना तक्ता वाचणाऱ्याचा विचार कुणी केला?

मग लोक 'एन्थ-चाइल्ड' वापरतात, म्हणजे प्रत्येक ओळीतली तिसरी चौकट धरायची. एखाद्या चौकटीनं 'कोलस्पॅन' लावून दोन रकाने व्यापले की त्या ओळीतली मोजणी कोसळते आणि दर डावीकडे, गावाचं नाव उजवीकडे. यावरचा उपाय, रकाना ओळखणारा 'एन्थ-कोल', सीएसएस सिलेक्टरच्या मसुद्यात लिहिलेला आहे. तो वर्षानुवर्षं मसुद्यातच आहे. क्रोमला 2023 मध्ये पान सरकवताना चित्रं नाचवायला सवड मिळाली, रकान्याला मात्र नाही. हा प्राधान्यक्रम चुकलाय, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना त्याचा जाब विचारायला हवा.

तोवर तक्ता बनवणाऱ्यांनी अंग चोरू नये. आकड्याच्या प्रत्येक चौकटीला क्लास द्यावा, मजकूर उजवीकडे न्यावा, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर सगळे अंक सारख्या रुंदीचे करणारं 'टॅब्युलर-नम्स' लावावं. बहुतेक मोठे तक्ते प्रोग्रामच छापतो. तिथे हा क्लास एकाच ओळीत लिहायचा असतो.