अधिकृत लाल ठिपका

मोबाइलच्या अधिकृत सेवा केंद्रात एसी उत्तम चालतो, एवढी सेवा निर्विवाद. बाकी सगळं टोकनवर.

काउंटरवरचा मुलगा सिमचा ट्रे बाहेर काढतो आणि बारीक टॉर्चने आत डोकावतो. आत एक इवलासा पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. ठिपका लाल, वॉरंटी बाद. "पाणी गेलंय, काका." काका शपथेवर सांगतात, फोन खिशातून बाहेर काढलेलाच नाही. पण भर जुलैत कर्जत लोकलच्या दारात लटकणाऱ्याचा खिसा कोरडा राहतो थोडाच! जाहिरातीत असेच फोन तरणतलावात सूर मारतात, 'आयपी ६८' ही जलरोधकतेची पदवी मिरवतात. वॉरंटीच्या मुंगीएवढ्या अक्षरांत मात्र पाण्याने झालेला बिघाड वगळलेला.

मग कोटेशन. बिघडलेला असतो चार्जिंग पोर्ट, बदलायचा असतो मदरबोर्ड. आकडा ऐकून काकांना नवा फोनच स्वस्त वाटू लागतो, आणि तो शेजारच्याच काचेत मांडलेला असतो. योगायोग! डेटा गेला तर आम्ही जबाबदार नाही, इथे सही करा.

समोरचा टपरीवाला तोच पोर्ट चहा थंड व्हायच्या आत बदलून देतो. पण तो पडला अनधिकृत.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. काउंटरवर त्याचं नाव काढून बघा; पुढचं टोकन लगेच पुकारलं जातं.

तेव्हा जॉबशीटवर बिघाड नीट लिहून घ्या, काढलेला जुना पार्ट परत मागा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर टिपून ठेवा. कागदावर. फोनमध्ये नको.