घासाघीस न करणारे गिऱ्हाईक

वापरलेल्या वस्तूच्या मूल्याविषयी अर्थशास्त्रात अनेक मते असली, तरी मराठी मध्यमवर्गीय घरात त्याविषयी एकच मत आढळते, ते असे की वस्तू जुनी होते, तिची किंमत जुनी होत नाही. बारा वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेल्या सोफ्याचे आज किमान पंधरा हजार यायला हवेत, कारण त्यावर कायम चादर असे, ती केवळ पाहुणे आल्यावरच काढली जाई आणि पाहुणेही फारसे येत नसत, अशी या मताची उपपत्ती आहे. तिला कोणत्याही खऱ्या ग्राहकाने आजवर दुजोरा दिलेला नाही. तिला विनातक्रार मान्यता देणारा एकच वर्ग अलीकडे उदयाला आला असून व्यवहारात त्याला ऑनलाइन ठग असे म्हणतात.

या ठगांविषयीच्या चर्चेत तंत्रज्ञानाला उगाचच मोठा मान दिला जातो. त्यांचे खरे कौशल्य मोबाइलमध्ये नसून स्वभावपरीक्षेत आहे, आणि ते समजण्यासाठी बोहारणीच्या व्यवहाराकडे पाहणे उद्बोधक ठरते. बोहारीण, म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी फिरती व्यापारी स्त्री, प्रत्येक साडी उजेडाकडे धरते, नेमका विरलेला भाग शोधून काढते, पातेल्याच्या मागणीला वाडग्याने उत्तर देते, ‘आणखी एक पँट तरी टाका’ म्हणून अडून बसते आणि दोनदा टोपली उचलून निघून गेल्यावर तिसऱ्यांदा सौदा पुरा करते. गृहिणीही तिला तोडीस तोड असते. या तासाभराच्या हुज्जतीत दोन्ही पक्ष एकमेकांवर मुळीच विश्वास ठेवत नाहीत, आणि म्हणूनच तो व्यवहार सुरक्षित असतो. पातेले हाती पडावे म्हणून गृहिणीने बोहारणीला कपाटाच्या किल्ल्या दिल्याचे कोणाच्याही ऐकिवात नाही.

तेच घर जेव्हा ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस यांसारख्या ठिकाणी ‘नव्यासारखा सोफा, जागेअभावी विकणे आहे, किंमत ठाम’ अशी जाहिरात देते, तेव्हा ही पिढीजात सावधगिरी गळून पडते. ‘किंमत ठाम’ हे शब्द जाहिरातदाराने निव्वळ उपचार म्हणून लिहिलेले असतात. पलीकडचा माणूस ते खरे मानून ‘पंधरा हजार ठीक आहे, सोफा दुसऱ्या कोणाला देऊ नका’ असे पाच मिनिटांत कळवतो, आणि आपल्या अभिरुचीची कदर करणारा जाणकार अखेर भेटला, या भावनेने घर हेलावून जाते. न पाहता घेतो म्हणणाऱ्या ग्राहकाचा संशय यायला हवा, हे त्या क्षणी कोणाला सुचत नाही. सुचलेच, तर ते घरातल्या सर्वांत लहान मुलाला सुचते आणि त्याला अभ्यासाला बसवले जाते.

हा जाणकार बहुधा सैन्यात किंवा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात असतो, निदान तसे सांगतो. पुणे, खडकी, देहूरोड किंवा देवळाली येथे त्याची नुकतीच बदली झालेली असते, त्यामुळे त्याला स्वतः येणे शक्य नसते, परंतु सोफा नेण्यासाठी लष्कराची गाडी येणार असते. मागितलेले नसतानाही तो गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र आणि कँटीन कार्ड पाठवतो. ती कागदपत्रे अनेकदा खऱ्या जवानाची, पण चोरलेली असतात, आणि संभाषणाचा शेवट ‘जय हिंद’ने होतो. येथे विक्रेत्यासमोर एक सूक्ष्म नैतिक पेच उभा राहतो, कारण सोफ्याचे पैसे आधी मागणे म्हणजे सीमेवरील जवानावर अविश्वास दाखवणे होय. देशभक्ती आणि पंधरा हजार रुपये एकाच वेळी साधण्याची अशी संधी मध्यमवर्गाला क्वचितच मिळत असल्याने तो ती सोडत नाही.

यानंतर येतो क्यूआर कोड, म्हणजे माहिती साठवणारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चौकट. ती १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाली. यूपीआय, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था, भारतात २०१६ मध्ये सुरू झाली आणि भाजीच्या गाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत ही चौकट पोहोचली. तिचा नियम एका ओळीचा आहे, तो असा की चौकट ज्याची, त्याला पैसे मिळतात आणि ती जो स्कॅन करतो, त्याचे पैसे जातात. कोथिंबिरीची जुडी घेताना हा नियम दररोज पाळणारा गृहस्थ सोफा विकताना मात्र ‘पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, लष्करात पेमेंट असेच होते’ हे विधान स्वीकारतो. यूपीआयचा पिन हा चार किंवा सहा आकडी गुप्त क्रमांक पैसे पाठवताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे स्वीकारताना कधीही लागत नाही. परंतु ज्या देशात स्वतःचेच पैसे सरकारकडून मिळवण्यासाठी सात कागद आणि दोन सह्या द्याव्या लागतात, तेथे पैसे घेतानाही काहीतरी भरावे लागत असेल, असे वाटणे अगदीच अतार्किक म्हणता येत नाही.

शंका उरू नये म्हणून ठग आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो. ही युक्ती त्याची स्वतःची नव्हे. हरियाणा आणि राजस्थानच्या सीमेवरील मेवात भागात काही टोळ्या पूर्वी ‘टटलू’ नावाचा धंदा करीत, ज्यात जमीन खणताना सोन्याची वीट सापडल्याचे सांगून पितळेची वीट विकली जाई. परीक्षेसाठी गिऱ्हाइकाच्या हाती दिला जाणारा तुकडा तेवढा अस्सल सोन्याचा असे. मोबाइलवर आलेले पाच रुपये म्हणजे तोच तुकडा होय. २०२१ मध्ये दिल्लीतील एका सत्ताधारी राजकीय कुटुंबातला सोफा विक्रीस निघाला, तेव्हाही आधी किरकोळ रक्कम खात्यात आली आणि मग दोन हप्त्यांत ३४,००० रुपये गेले. सोफ्यापुढे सामान्य आणि सत्ताधारी असा भेद उरत नाही, ही लोकशाहीच्या दृष्टीने समाधानाची बाब मानावी लागेल.

यूपीआयवर दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची जी सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील व्यवहारांपुरती बंद झाली, हे खरे. तथापि ठगांचे संशोधन थांबलेले नाही. साध्या दहा आकडी क्रमांकावरून बँकेसारखा दिसणारा ‘रक्कम जमा’ संदेश पाठवून, ‘पंधराशेऐवजी चुकून पंधरा हजार गेले, उरलेले परत करा’ अशी रडवेली विनंती करणारेही आहेत, आणि अशा वेळी संदेशाऐवजी खात्यातली शिल्लक पाहणे विक्रेत्याला असभ्यपणाचे वाटते.

फसवणूक ध्यानात आल्यानंतरचा क्रमही अभ्यासण्याजोगा आहे. पीडित गृहस्थ प्रथम ठगालाच दूरध्वनी करतो, नंतर मेहुण्याला करतो, आणि मग बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधताना, दुसऱ्या ठगाने तेथे पेरून ठेवलेला क्रमांक त्याला सापडतो. १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात दिसतो. रक्कम भाड्याच्या खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी गोठवता यावी, यासाठी हा क्रमांक पहिल्या तासाभरात लावायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान, तो बँकेला कळवीपर्यंत, त्याचेच असते, म्हणजे मेहुण्याशी बोलण्यात गेलेला वेळही विक्रेत्याच्याच खात्यावर पडतो. कायद्याची तर निराळीच पंचाईत झाली आहे. १८६० च्या दंडसंहितेने मराठीला ‘चारशेवीस’ हे सुटसुटीत विशेषण दिले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली, आणि ‘तो पक्का तीनशेअठरा आहे’ असे म्हणून कोणाचेही समाधान होत नसल्याने पीडिताला आता धड शिवीही देता येत नाही.

या साऱ्यात सोफा जागेवरच असतो, कारण ठगाने तो नेण्याचा विचार कधीच केलेला नसतो. महिन्याभराने खालून जाणाऱ्या भंगारवाल्याला वर बोलावले जाते. तो सोफा उलटा करतो, पाय हलवून पाहतो, फाटलेल्या शिवणीत बोट घालतो आणि आठशे रुपये सांगतो. घर मनापासून दुखावते. अर्ध्या तासाच्या हुज्जतीनंतर सौदा अकराशेवर ठरतो, आणि भंगारवाला खिशातून मोबाइल काढून, ‘तुमचा कोड दाखवा, स्कॅन करून पाठवतो,’ असे म्हणतो. ही पैसे मिळण्याची अगदी योग्य पद्धत असते. घरातले चौघेही एका आवाजात त्याला सांगतात की पैसे रोखच हवेत.