माळीवेस विरुद्ध स्पेन

आमच्या शाळेत फुटबॉल आला तो सरकारी आदेशाने. बीडला बरंच काही सरकारी आदेशाने येतं, आणि बरंच काही आदेश निघूनही येत नाही. रेल्वे तेव्हा दुसऱ्या प्रकारातली होती. चेंडू मात्र आले. १७ वर्षांखालच्या पोरांचा विश्वचषक भारतात भरणार, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा असं ठरलं होतं. आमचे पी.टी.चे सर मूळचे कबड्डीतले. त्यांनी चेंडू उचलला, कलिंगड ठोकून बघतात तसा दोनदा ठोकला आणि म्हणाले, “हाताळायचा नाही म्हणतात याला. मग खेळायचं काय?”

तरी पोरं खेळली. पोरी जास्त चांगल्या खेळल्या, पण ते सरांनी अहवालात लिहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात चेंडू वेड्या बाभळीत गेला. फुटबॉलचे नियम लिहिणाऱ्यांनी वेडी बाभूळ पाहिलेली नसावी, नाहीतर तिच्यासाठी एखादं कलम नक्की घातलं असतं. चेंडू फुस्स झाला. फेकून देता येईना, कारण तो डेड स्टॉक रजिस्टरला चढलेला. निर्लेखनाची मंजुरी येईपर्यंत तो हेडमास्तरांच्या कपाटावर, सरस्वतीच्या फोटोशेजारी बसला. खेळता येत नाही म्हटल्यावर बघणं तरी करू, असं म्हणून आम्ही टीव्हीसमोर बसलो.

टीव्हीवर आपली पोरं अमेरिकेकडून हरली, कोलंबियाकडून हरली आणि १२ ऑक्टोबरला घानाने तर चार गोल घातले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने एक गोल मारला, तो भारताचा विश्वचषकातला पहिला. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे पी.टी. सर तीनही सामने “आपला अनिकेत” असं म्हणत बसले. कोल्हापूर आणि बीड यांच्यात काय नातं आहे ते विचारू नये. उसाच्या हंगामात सगळा पश्चिम महाराष्ट्र आमचाच असतो.

भारत बाहेर पडला आणि आम्ही बिनसंघाचे झालो. बघणाऱ्या माणसाला बाजू लागते. बाजू नसताना सामना बघणं म्हणजे दोन्हीकडची ओळख नसताना लग्नाला जाणं. जेवण होतं, पण हसायचं कधी ते कळत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तोडगा निघाला. गुवाहाटीत आफ्रिकेतल्या माली या देशाच्या पोरांनी घानाला २–१ असं हरवलं. आपल्याला चार गोल घालणाऱ्यांना ज्यानं हरवलं तो आपला, इथवर कुणाचाच वाद नव्हता. त्यात पिंट्या म्हणाला, “सर, माली म्हंजी माळीच की. आपुन ऱ्हातो कुठं? माळीवेशीत!” पिंट्या आमचा माजी विद्यार्थी, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. इतका सरळ युक्तिवाद त्यानं दहावीच्या पेपरात कधी केला नव्हता. मालीचा उपांत्य सामना स्पेनशी, २५ ऑक्टोबरला, रात्री आठला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. पिंट्यानं तिथल्या तिथं सात तिकिटं काढली.

सात जण असे: पिंट्या, पी.टी. सर, मी, क्रूझरवाले मामा, नववीतली दोन पोरं, आणि आबा. आबांचा फुटबॉलशी संबंध नव्हता. त्यांचा संबंध ज्वारीशी होता. लेक कोपरखैरण्याला दिलेली, आणि ऐन दिवाळीत, १७ ते २० ऑक्टोबर, एसटीचा संप. लेक माहेरी येऊ शकली नाही. तेव्हा “तुमी जाताच हाव तर” म्हणून एक पोतं ज्वारी, फराळाचा डबा आणि स्वतः आबा असे तिन्ही गाडीत आले. पैकी पोतं टपावर चढलं.

जाण्याआधी दोन कामं झाली. एक फ्लेक्स. बीडमध्ये फ्लेक्सशिवाय बारसंही होत नाही, ही तर विश्वचषकाची उपांत्य फेरी. “माली संघास माळीवेशीतर्फे हार्दिक शुभेच्छा” एवढाच मजकूर दिला होता. छापून आला तेव्हा “माळी संघास” झाला होता. वर मालीच्या अकरा खेळाडूंचा मिळून एक फोटो, पासपोर्टाएवढा. खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो, प्रत्येक त्याच्या दुप्पट. एकविसांतले चौघे गॉगल लावून फोनवर बोलत होते.

दुसरं काम झेंड्याचं. हिरवा, पिवळा, लाल असे तीन उभे पट्टे. कापड आणायची गरज पडली नाही. ओटीत आलेले ब्लाउजपीस घरोघरी कपाटात पडून असतात, त्यांतून तिन्ही रंग निघाले. टेलरनं मात्र पट्टे आडवे जोडले. पी.टी. सरांनी मोबाइलवर शोध घेतला तर हा झेंडा इथिओपियासारखा निघाला. उसवायला वेळ नव्हता. मग असं ठरलं की झेंडा उभा करून धरायचा. त्यातही हिरवी बाजू डावीकडे हवी. उजवीकडे गेली की गिनी होतो. थोडक्यात, ब्लाउजपीसच्या तीन तुकड्यांत आम्ही तीन देश घेऊन निघालो होतो.

पहाटे चारला निघालो. मांजरसुंब्याला पहिला चहा झाला. पुढे पाटोदा, जामखेड, मग आष्टी, कडा आणि नगर. या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही असं बाहेरचे म्हणतात. त्यांना मी हल्ली दोन पाट्या दाखवतो. पाटोदा ही राहुल आवारेची, ज्यानं पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. आणि आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं. तीन हजार मीटरच्या स्टीपलचेजमध्ये २०२२ साली बर्मिंगहॅमला त्याचं सुवर्ण एका सेकंदाच्या विसाव्या भागानं हुकलं. त्या पहाटे आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आष्टीजवळ रस्त्याकडेनं एक पोरगा पळत होता, त्याला बघून मामा म्हणाले, “ह्याची एसटी चुकलेली दिसतीय.” तो साबळे नव्हता, पण मामा आता तो साबळेच होता असं सांगतात.

रस्ता मात्र गजबजलेला होता. साखर कारखाने नोव्हेंबरात पेटायचे, त्यामुळे ऊसतोड मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघालेले. एकेका ट्रॉलीत पाच-सहा संसार: पाचटाच्या कोपीचे बांबू, पाण्याचे हंडे, कोंबड्या, शेळी, वर बसलेली पोरं. नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक ‘कोयता’ म्हणतात, आणि उचल घेतली की तो कोयता सहा महिने परगावी. एका ट्रॉलीतल्या पोरानं आमच्या खिडकीबाहेर फडफडणारा झेंडा बघून विचारलं, “कोणत्या कारखान्याचा हाय?” पिंट्या म्हणाला, “माली.” पोरानं बापाला विचारलं. बाप म्हणाला, “आसंल. कर्नाटकात आसंल.”

नगर, शिरूर, पुणे, एक्स्प्रेस वे. हे भराभर गेलं. घाटात मामांनी ‘लेनची शिस्त पाळा’ हा फलक मोठ्यानं वाचला आणि लेन बदलली. द्रुतगती मार्गावरच्या एका फूड मॉलमध्ये वडापावचा भाव ऐकून आबांनी विचारलं, “जोडीचा हाय का डझनाचा?” आम्ही गाडीत परत येऊन दशम्या सोडल्या.

कोपरखैरण्यात पोतं चौथ्या मजल्यावर चढवायचं होतं. लिफ्ट बंद. नववीच्या पोरांनी चढवलं, सरांनी खालून शिट्टी वाजवली. लेकीनं डोळे पुसले, चहा केला, मग आम्ही आणलेला फराळ आम्हालाच खायला घातला, आणि वर आपला एक डबा भरून दिला. दिवाळीत डबे असेच फिरतात. रिकामा डबा परत करायचा नसतो. फक्त या डब्याला स्टेडियमात प्रवेश नव्हता.

हे आम्हाला फाटकाशी कळलं. खाण्याचे पदार्थ आत न्यायचे नाहीत. डबा, उरलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सगळं बाहेर. टाकून द्या, असं तिथला रक्षक सहज म्हणाला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोलिसानं आमच्याकडे बघितलं.

“कुठले?”

“बीड.”

“तालुका?”

“बीडच.”

“मी गेवराईचा,” तो म्हणाला, आणि त्यानं ठेच्याकडे पाहिलं.

पुढची वीस मिनिटं फाटकाच्या कडेला पंगत बसली. गेवराईनं ठेचा संपवला, आबांनी त्याच्या बदलीची चौकशी केली, एका केरळी पाहुण्यानं करंजी खाऊन कृती विचारली. अन्न वाया गेलं नाही. फ्लेक्स मात्र गेला. तो आत न्यायचा प्रश्नच नव्हता, दहा बाय आठचा होता. पोलिसदादांनी तो उलगडून सगळे फोटो निरखले आणि विचारलं, “यातले खेळणारे कोणते?” मामांनी तो परत टपावर बांधला. ज्वारीची जागा रिकामीच होती.

आत गेलो आणि आबा पायऱ्यांवरच थांबले. एवढं हिरवं गवत त्यांनी एका जागी पाहिलं नव्हतं. “पाणी कुठून आणतेत?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, “ह्यात जनावरं सोडत न्हाईत?”

आमच्या मालीच्या पोरांचं मला कौतुक वाटत होतं ते वेगळ्याच कारणानं. त्यांनी याच मैदानावर पॅराग्वेशी हरून सुरुवात केली, मग इथंच तुर्कीला हरवलं, दिल्लीत न्यूझीलंडला, गोव्यात इराकला पाच गोल घातले, गुवाहाटीत घाना, आणि आता परत नेरूळ. अठरा-एकोणीस दिवसांत त्या पोरांनी जेवढा भारत पाहिला तेवढा आमच्या सातांत मिळून कुणी पाहिलेला नव्हता. पी.टी. सर फार तर पंढरपूर, शेगाव आणि बी.पी.एड.साठी अमरावती.

एकोणिसाव्या मिनिटाला स्पेनला पेनल्टी मिळाली आणि आबेल रुईझनं गोल केला. आबा म्हणाले, “आबेल? आपल्याच नावाचा दिसतोय.” त्रेचाळिसाव्या मिनिटाला त्याच आबेलनं दुसरा गोल केला, तेव्हा आबांनी नातं तोडलं. मध्यंतरापर्यंत ०–२. आमचा झेंडा पोरांनी उभा धरला होता, पण मागच्या रांगेतल्यांना तो उलट्या बाजूनं दिसत होता. त्यांतला एक जण खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाला, “गिनी तो पहले ही बाहर हो गया, भाई.” त्याचं खरं होतं. गिनीचा संघ स्पर्धेत होता आणि गटातच गेला होता.

आणि मग उत्तरार्धात ते घडलं. मालीच्या शेक डुकुरेनं लांबून, फार लांबून, असा एक फटका मारला की चेंडू आडव्या दांडीला आतून लागला, खाली आपटला आणि बाहेर आला. आपटला तो रेषेच्या आत. आम्ही सात जण उठून नाचलो. पिंट्यानं गिनीचा इथिओपिया केला. मग लक्षात आलं की बाकी कुणी गोल मोजतच नाहीये. पंचानं हात हलवून खेळ पुढे चालू ठेवला होता.

फुटबॉलमधलं आबांना तोवर काहीही कळलं नव्हतं. हे मात्र लगेच कळलं.

“आत पडला ना?”

“आत पडला, आबा.”

“मग?”

“पंच म्हणतोय, न्हाई पडला.”

आबा खाली बसले. पालीकडं त्यांची चार एकर कोरडवाहू. पीक हातचं गेलेलं डोळ्यांना दिसत असताना पैसेवारी पन्नासच्या वर लागल्याचं त्यांनी आयुष्यात किती वेळा ऐकलंय, ते तेच जाणोत. ते शांतपणे म्हणाले, “बांधावर न येता पंचनामा केला त्यानं.” आणि पुढं, “अपील कुठं करतेत?”

अपील नव्हतं. दहा-एक मिनिटांत, एकाहत्तराव्या मिनिटाला, फेरान टोरेस नावाच्या पोरानं स्पेनचा तिसरा गोल केला. तो पुढे बार्सिलोनाकडून खेळला. त्या रात्री आबांनी त्याला ज्या शिव्या घातल्या त्याचा परिणाम झाला नाही असं दिसतं. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला लासाना एनजायेनं मालीचा एक गोल फेडला. आमच्या आजूबाजूच्या शे-दोनशे लोकांना एव्हाना माळीवेशीची सगळी हकिकत पोरांनी सांगून झाली होती. त्या गोलाला तेही आमच्यासोबत “माळी! माळी!” असं ओरडले. पण तेवढंच. ३–१.

परतीला कुणी फारसं बोललं नाही. मामांना झोप येऊ नये म्हणून पी.टी. सर पुढे बसले आणि लोणावळ्याच्या आत घोरू लागले. तीन दिवसांनी कोलकात्यात माली ब्राझीलकडूनही हरला आणि चौथा आला. त्याच दिवशी अंतिम सामन्यात स्पेन दोन गोलांनी पुढे होता आणि इंग्लंडनं त्याला ५–२ असं धुतलं. आबांना ही बातमी सांगायला पिंट्या मुद्दाम शेतात गेला. आबा म्हणाले, “देव हाय.”

फ्लेक्स वाया गेला नाही. पुढचा सगळा पावसाळा तो आबांच्या कडब्याच्या गंजीवर होता, शुभेच्छुक वर. झेंड्याची उशीची खोळ झाली. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून नगरला एकदाची रेल्वे सुरू झाली, तेव्हा पिंट्याचं पहिलं वाक्य होतं, “आता माली कुठं खेळतंय बघा.” शाळेतला चेंडू अजून कपाटावर आहे, निर्लेखन व्हायचं आहे.

तो फटका मी नंतर पिंट्याच्या दुकानात, संगणकावर थांबवून थांबवून, कितीतरी वेळा पाहिला. चेंडू आत होता. माळीवेशीत कधी आलात आणि पारावर कुणी त्या सामन्याचा विषय काढला, तर ३–१ म्हणू नका. आमच्याकडे तो ३–२ आहे.