दीड जीबीचा रतीब: अमर्याद डेटा शास्त्रोक्त पद्धतीने कसा वापरावा

अमर्याद डेटा घेतलेल्या माणसाने सर्वांत आधी काटकसर शिकावी. हे वाचून कुणी चमकला, तर त्याने रिचार्ज नुकताच केला आहे असं समजावं. संध्याकाळी साडेसातपर्यंत त्यालाही पटेल.

प्रस्तुत लेखकाची या विषयातली साधना 2016पासूनची आहे. त्याआधी अडीचशेच्या आसपास रुपये मोजले की महिनाभरासाठी 1 जीबी मिळायचा आणि आम्ही तो केशरासारखा काडी काडी करून वापरायचो. कुणी फोटो पाठवला तर उघडण्याआधी फोन करून विचारायचो, "महत्त्वाचा आहे का?" मग 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ बाजारात आलं, मार्च 2017पर्यंत फुकट वाटप चाललं आणि बाकीच्या कंपन्यांनाही भाव पाडावे लागले. डेटा स्वस्त झाला हे अगदी खरं. ज्याला शंका असेल त्याने 2015चं जुनं बिल शोधून काढावं. तेव्हा भावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या डेटाच्या डोक्यावर ठेवलेल्या विशेषणाबद्दल.

हे विशेषण रिचार्जच्या दुकानात शिरताना चपलांसोबत बाहेर काढून ठेवावं, ही पहिली पायरी. आत जे मिळतं त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: रतीब. गवळी रोज सकाळी दीड लिटर घालतो. दीड म्हणजे दीड. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगायचं, जास्तीचे पैसे द्यायचे. मोबाइल कंपनीही हेच करते, फक्त दोन सुधारणा करून. पहिली अशी, की रात्री बाराच्या ठोक्याला ती येते आणि उरलेलं दूध परत घेऊन जाते. विरजण लावू देत नाही. (व्होडाफोन आयडियाने काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचं उरलेलं शनिवार-रविवारी वापरायची मुभा दिली. म्हणजे विरजण लावा, पण कढी रविवार संपायच्या आत करा.) दुसरी सुधारणा जास्त हुशारीची. दीड लिटर संपलं तरी कंपनी कधी नाही म्हणत नाही. कापसाच्या वातीतून एकेक थेंब सोडत राहते आणि सांगते, भांडं धरून बसा, दूध अमर्याद आहे.

थेंबाचं माप जाहिरातीच्या तळाशी, मुंग्यांनी वाचावं अशा अक्षरात दिलेलं असतं: 64 केबीपीएस. बीएसएनएलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये 40. साधकाने इथे वही-पेन्सिल घ्यावी. 64 किलोबिट म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. 3 एमबीचा एक फोटो उतरायला सव्वासहा मिनिटं लागतात. तेवढ्यात कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. समजा, एखाद्याने आंघोळ-जेवण-झोप सोडून दिवसाचे 86,400 सेकंद अखंड डेटा ओढला, तर त्याच्या पदरी 691 एमबी पडतील. पाऊण जीबीसुद्धा नाही. अमर्यादाची मर्यादा ही अशी साध्या गुणाकाराने निघते, हे कळल्यावर मला काही काळ फार मोकळं वाटलं. आपल्या सरकारी व्याख्येप्रमाणे जानेवारी 2023पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान 2 एमबीपीएस वेग लागतो. थेंब त्याच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरतो.

खोटं कशाला बोला, या वेगात मजकुराचा निरोप जातो. हळूहळू का होईना, यूपीआयही बहुधा जातं. वडापाववाल्यासमोर गोल फिरणाऱ्या चक्राकडे दोघांनी मिळून बघत उभं राहायची तयारी मात्र हवी.

हा वेग मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी अननुभवी होतो. ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय सौजन्याने बोलत होती.

"सर, आपला प्लॅन अमर्यादच आहे."

"पण काहीच उघडत नाहीये."

"उघडतंय सर, फक्त वेळ लागतोय."

"किती लागेल?"

"सर, वेळेला काही मर्यादा नाही."

कंपनीचं नाव सांगत नाही. त्या मुलीचं कौतुक मात्र जाहीरपणे करतो. विशेषणाचा खरा अर्थ इतक्या थोडक्यात मला दुसऱ्या कुणी समजावला नव्हता.

वर तिने उपायही सुचवला: 1 जीबीचं जादा व्हाउचर घ्या. आता भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आहे. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे, तेव्हा अनंत ही राशी आपल्या खानदेशाला नवी नाही. आमच्या प्लॅनमधला अनंत मात्र वेगळ्या जातीचा निघाला. त्याच्यात 1 जीबी मिळवला की तो ताबडतोब बदलला, धावायला लागला, आणि तासाभरात पुन्हा अनंत झाला.

आता प्रत्यक्ष कृती. सकाळी उठल्याबरोबर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अॅप आपोआप अपडेट होणं बंद करावं. व्हॉट्सअॅपमधलं फोटो-व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करावं, नाहीतर चुलतभावाच्या मुलीच्या बारशाचं अकरा मिनिटांचं चित्रण तुमच्या नकळत उतरतं आणि पाळण्याचा नुसता दोर दिसेपर्यंत रतीब निम्म्यावर येतो. व्हिडिओ 480वर बघावा. त्यात क्रिकेटचा चेंडू दिसत नाही, पण बाद झालेल्या फलंदाजाचा चेहरा दिसतो, तेवढ्यावर भागतं. डेटा सेव्हर चालू ठेवावा.

एवढं सगळं करूनही घरात भाचा असेल तर उपयोग शून्य. "मामा, दोन मिनिटं हॉटस्पॉट दे ना," या वाक्यातली दोन मिनिटं म्हणजे त्याच्या गेमचं एक अपडेट. आमच्या घरी याच वाक्यानंतर लागोपाठ तीन एसएमएस आले: 50 टक्के वापरला, 90 टक्के वापरला, 100 टक्के वापरला. एसएमएसला डेटा लागत नाही, त्यामुळे ही बातमी मात्र वेळेवर पोचते. मी भाच्याला विचारलं, "अरे, संपवलास?" तो म्हणाला, "मामा, अनलिमिटेड कसं संपेल?" त्याचं मराठी चांगलं आहे, हीच अडचण.

ज्यांना रात्री साडेअकराला आपल्या खात्यात 700 एमबी पडून आहेत असा शोध लागतो, त्यांच्यासाठी वेगळा विधी. शेवटच्या अर्ध्या तासात जे दिसेल ते बघावं. मी अशा रात्री मत्स्यपालन, नॉर्वेतले बोगदे आणि उसावरचा हुमणी किडा या तिन्ही विषयांत बरीच मजल मारली आहे. यातल्या कशाचाही माझ्याशी संबंध नाही. पण पैसे दिलेत, दूध सांडू द्यायचं नाही.

महिन्याचं गणित तर याहून सरस. आपल्या पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. मोबाइल कंपनीचा महिना 28 दिवसांचा असल्यामुळे तिच्याकडे तो दरवर्षी येतो: 365 भागिले 28, तेरा रिचार्ज, वर एक दिवस शिल्लक. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतात. इथे जावई कंपनी आहे, आणि पगार बारा महिन्यांचा असणाऱ्या सासऱ्याने तेराव्याचं वाण कुठून आणायचं हे तिने विचारायचं नसतं. जुलै 2024मध्ये जिओचा रोज दीड जीबीवाला 28 दिवसांचा प्लॅन 239वरून 299 रुपयांवर गेला, तेव्हा अनारसेही महागले. ट्राय या दूरसंचार नियामकाने जानेवारी 2022मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवलाच पाहिजे. असे प्लॅन आहेत. दुकानदाराला नावाने विचारावे लागतात. तो ते गल्ल्याखालून काढतो.

अनलिमिटेड 5जी हा वरच्या पायरीच्या साधकांचा विषय असल्यामुळे थोडक्यात सांगतो. जुलै 2024पासून जिओ-एअरटेलने तो मुख्यतः रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवाल्यांना दिला. फोन 5जी हवा, टॉवर 5जी हवा, आणि तुम्ही त्याच्या नजरेत हवेत. आमच्या घरात तो गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीपाशी मिळतो. तिथून स्वयंपाकघरात गेलं की फोन मुकाट्याने 4जीवर उतरतो आणि रतिबाचं मीटर सुरू होतं. म्हणून अमर्याद बघायचं ते तुळशीपाशी उभं राहून बघावं. घरी फायबर घेऊन सुटका होईल असं वाटत असेल, तर जिओ-एअरटेलच्या अमर्याद फायबरलाही महिन्याला 3,300 जीबीचं कुंपण असतं. एवढ्या लांबच्या कुंपणापर्यंत मी कधी चालत गेलेलो नाही, त्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

हा फक्त आपल्याकडचा चमत्कार समजून कुणी न्यूनगंड बाळगू नये. अमेरिकेत एटी अँड टीने अमर्याद प्लॅन विकले आणि 2011पासून जास्त वापरणाऱ्यांचा वेग कापायला सुरुवात केली; काहींचा तर महिन्याला 2 जीबी झाल्यावरच. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2014मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं आणि 2019मध्ये प्रकरण 6 कोटी डॉलरवर मिटलं. वेग कापणार हे जाहिरातीत ठळकपणे सांगा, असंही त्या तडजोडीत ठरलं. आपल्याकडे मुंग्यांच्या वस्तीत ते आधीपासूनच लिहिलेलं असतं, एवढा आपण पुढे आहोत.

तरीही तक्रार करायचीच असेल तर 198 हा क्रमांक फुकट आहे. तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावा. निकाल पटला नाही तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे दिल्लीला पत्र लिहून तिकीट वाया घालवू नये. तीस दिवसांची मुदत आहे हे पाहून मला बरं वाटलं; निदान तिथे तरी महिना पूर्ण धरतात.

आणि एक गोष्ट खरोखर कामाची. माझ्या आईचा फोन साधा, बटणांचा. ती फक्त बोलते, तेही मोठ्याने. तिच्या नावावर कित्येक वर्षं रोज दीड जीबी येत होता आणि रोज रात्री बाराला जसाच्या तसा परत जात होता. डिसेंबर 2024मध्ये ट्रायने कंपन्यांना नुसत्या बोलण्या-एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन ठेवायला लावले. त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानात तीनदा मागितल्यावर मिळाला. आईला सांगितलं, "तुझा रतीब बंद केला." ती म्हणाली, "कोणता रतीब? मी कधी दूध घेतलं?"

घरात असे बटणांचे फोन असलेल्या वाचकांनी हे काम याच आठवड्यात उरकून टाकावं. कंपन्यांकडे माझी मागणी याहून लहान आहे. जाहिरातीतला 'अमर्याद' हा शब्द काढा आणि तिथे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'रोज दीड' असं लिहा. पैसे मी आत्ता देतो तेवढेच देईन.